कागदावरची धाकटी

रविवारी दुपारी दादांनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि इस्त्रीघराचं थिएटर केलं. हॉटेलातून धुवायला आलेली एक मोठी चादर त्यांनी कपडे टांगायच्या लांब दांडीवर चिमट्यांनी ताणून बसवली, समोर तीन खुर्च्या आणि दोन उलट्या टोपल्या मांडल्या आणि वाफेची मोठी इस्त्री बंद करताना मुलीला म्हणाले, "माझ्या ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा ही बंद नव्हती. तुझा सिनेमा तसाच असला पाहिजे."

मुलीनं मान डोलावली आणि प्रोजेक्टरची वायर सोडवत बसली. घरात तिला डायरेक्टरीण म्हणायचे, आणि त्या म्हणण्यात कौतुक चार आणे, चेष्टा बारा आणे. वय बत्तीस, लग्नाचं नाव नाही, पगाराचा पत्ता नाही, आणि जाईल तिथं लोकांच्या तोंडासमोर कॅमेरा. पण यंदा वारं फिरलं होतं. गुरुवारी नगरसभागृहात तिची फिल्म लागणार होती, जागा भरल्या होत्या आणि आपली झाडून सगळी माणसं येणार होती. आपली म्हणजे ज्यांचे आईबाप एकेक पेटी घेऊन या देशात उतरले आणि परत जायचं, परत जायचं म्हणत इथंच संपले, ती.

फिल्म होती आत्यावर. बाराव्या वर्षी आईबापाचं बोट धरून परक्या मुलखात आलेली मुलगी बापाच्या लाँड्रीत इस्त्री करता करता बाई कशी झाली, हा विषय. अर्धी फिल्म आजच्या दुकानाची आणि आत्याच्या हातांची, अर्धी नटांकडून करवलेली. आत्या स्वतः बोलायला तयार नव्हती. "हात घे माझे," ती म्हणाली होती. "तोंड नको, आणि तोंडातलं तर नकोच." मग डायरेक्टरणीनं बाबांना, म्हणजे दादांनाच, कॅमेऱ्यासमोर बसवलं. त्यांनी तीन दिवस सगळी हकीकत सांगितली, मधे दोनदा रडले. घरचा माणूस, डोळ्यांत पाणी, आवाज स्वच्छ आलेला. यात काही चुकतंय असं तिच्या मनातसुद्धा आलं नाही.

आई सगळ्यांत आधी येऊन मधल्या खुर्चीत बसली. "माझा भाग कितव्या मिनिटाला आहे?"

"तू नाहीस यात, आई. ही तुझ्या आधीची गोष्ट आहे."

"बरोबर आहे. चौतीस वर्षं राबणारीला कोण दाखवतंय."

काका आला तो हातात कुलपाची किल्ली फिरवत. तो इथंच जन्मलेला, दादांहून पंधरा वर्षांनी लहान. वकिलाच्या कचेरीत कारकून होता आणि आख्ख्या जगाला नियम शिकवायचा. सगळ्यांत शेवटी आत्या आली. खुर्ची रिकामी असून ती टोपलीवर बसली, बंद इस्त्रीला पाठ लावून, कारण इस्त्री अजून गरम होती आणि आत्याची कंबर दुखत होती. दादा एकसष्ट, आत्या साठ. तो थोरला, ही धाकटी, आणि साठीची बाई झाली तरी सगळी गल्ली तिला धाकटीच म्हणायची. काकासुद्धा. घरात जे ऐकलं तेच तो शिकला होता.

पहिली दहा मिनिटं सगळं छान चाललं. चादरीवर आजोबांचा फोटो आला तेव्हा दादांनी चष्मा पुसला. मग तो प्रसंग आला, ज्यात डायरेक्टरणीनं सगळा जीव ओतला होता. तेरा वर्षांची मुलगी, याच इस्त्रीघरात एकटी. तिला पहिल्यांदा पाळी येते, हॉटेलच्या पांढऱ्या चादरीवर डाग पडतो आणि ती घाबरून तो डाग घासत बसते. काकानं बुटाची नाडी तपासली. दादा खाकरले. आणि आत्या हसली.

"काय झालं, आत्या?"

"काही नाही. पोरगी रडते छान."

"असं झालं नव्हतं का?"

"मला ते इथं यायच्या आधीच चार वर्षं चालू झालं होतं," आत्या म्हणाली. "आणि चादरीवर डाग? आईनं त्याच चादरीत मला गुंडाळून परत पाठवलं असतं."

आईला आधी हसू आलं, मग ती बोटं मोजायला लागली. "चार वर्षं आधी? म्हणजे आठव्या वर्षी?"

"तिला काय आठवतंय आता," दादा घाईनं म्हणाले. "पुढे चालू दे गं, मधे मधे थांबवू नका."

पुढे चालू राहिलं. मुलगी सतरा वर्षांची झाली आणि पडद्यावर व्हॅनवाला आला. हॉटेलच्या चादरी आणणारा चोवीस वर्षांचा माणूस, आपल्यातलाच. मागच्या दारी घुटमळतो, पोरीच्या हातात कागदाची पुडी ठेवतो, व्हॅनचं दार उघडून तिला बसायला सांगतो. डायरेक्टरणीनं इथं संगीत असं लावलं होतं की पाहणाऱ्याच्या पोटात गोळा यावा. मग अठरा वर्षांचा भाऊ येतो, बहिणीचा शाळेचा दाखला त्या माणसाच्या नाकासमोर धरतो आणि म्हणतो, लाज नाही वाटत, शाळेतली पोर आहे ती. व्हॅनवाला मान खाली घालून निघून जातो. बहीण भावाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडते. आणि वरून दादांचा खरा, जाड, भरून आलेला आवाज: त्या दिवशी मी गेलो नसतो, तर माझ्या बहिणीचं काय झालं असतं.

आत्या उठली ती प्रोजेक्टर आणि चादर यांच्या मधे येऊन उभी राहिली. रडणाऱ्या मुलीचं तोंड तिच्या ॲप्रनवर हलत राहिलं.

"बंद कर हे."

"आत्या, दोन मिनिटं, पुढे तुझे हात आहेत—"

"हात गेले खड्ड्यात. बंद कर."

डायरेक्टरणीनं बटण दाबलं. शटरखालून येणारा उजेड तेवढा उरला.

"तो गुरुवारी येणार आहे," आत्या म्हणाली. "स्टेशनामागे राहतो. काठी घेऊन चालतो आता. नातीला घेऊन येणार आहे, आपल्या माणसांचा सिनेमा दाखवायला. त्या काळी आपल्यात व्हॅन चालवणारा एकच होता, हे सभागृहातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. त्याचं तोंड काळं करणार तू, त्याच्या नातीसमोर?"

डायरेक्टरणीला राग आला. दोन वर्षं ती या चार मिनिटांसाठी झगडली होती, हेच तर सांगायचं होतं तिला. "आत्या, तू सतरा वर्षांची होतीस. तो चोवीस. अशा माणसांना आपल्याकडे कुणी बोलत नाही, सगळं पोरीवरच ढकलतात, म्हणून तर मी—"

"मी बावीस वर्षांची होते."

काका हसला. "धाकटे, गणित चुकतंय. दादा तेव्हा अठरा, मग तू—"

"मी याच्याहून चार वर्षांनी मोठी आहे."

डायरेक्टरणीनं बाबांकडे पाहिलं, ते नाही म्हणतील म्हणून. दादा दांडीवरचा एक चिमटा उगाच काढून पुन्हा लावत होते. तेवढ्यानं तिला कळलं.

"चौदाच्या आतली पोरं आईबापाच्या कागदावर यायची," आत्या सांगायला लागली, आणि आवाज असा की जणू गिऱ्हाईकाला कोट कधी मिळेल ते सांगतेय. "त्याच्या वरची मागं राहायची. हा तेरा वर्षांचा, याच्या वयाचा शाळेचा कागद होता. मी सतरा वर्षांची. माझ्या वयाचा कुठलाच कागद नव्हता. मग बाबांनी मला बारा वर्षांची केली. अंगानं काडी होते, खपून गेले. आई रोज सकाळी छातीवर फडकं आवळून बांधायची आणि वर झबल्यासारखा फ्रॉक. वाटेत मला शिकवत होते, याला दादा म्हण. याला शिकवत होते, तिला धाकटे म्हण. आणि इथं उतरल्यावर टेबलाशी साहेब कागद बघत असताना हा बावळट मोठ्यानं म्हणाला, ताई, मला पाणी. बाबांनी अशी ठेवून दिली याला, की दात हलला. शेजारी उभा असलेला दुभाष्या आपल्यातला होता. त्याला सगळं कळलं. त्यानं साहेबाला काही सांगितलं नाही, म्हणून आज ही लाँड्री आहे. त्या दिवसापासून या घरात तो शब्द कुणी तोंडातून काढला नाही."

"अगं—" आई म्हणाली आणि थबकली. "म्हणजे... अहो. म्हणजे तुम्ही माझ्या मोठ्या नणंद. चौतीस वर्षं मी तुम्हाला अगंतुगं करतेय, पाणी आण म्हणून सांगतेय." ती नवऱ्याकडे वळली. "आणि तुम्ही ऐकत होता?"

"सांगून काय झालं असतं?" दादा म्हणाले.

"निदान पाणी मी आणलं असतं."

"बावीस वर्षांची बाई मी, आणि सोळा-सतराच्या पोरींबरोबर बाकावर," आत्या म्हणाली. "येणारी उत्तरं मुद्दाम चुकवायची. अंग दुखलं तरी बोलायचं नाही. सगळ्या जगात एकट्या त्याला मी माझं खरं वय सांगितलं. म्हटलं, कागद खोटा आहे, मी बाई आहे, मला कळतं मी काय करतेय. त्यानं विश्वास ठेवला. दोन महिने ठेवला. मग हा गेला दाखला घेऊन."

"बाबांनी पाठवलं मला!" दादांचा आवाज चढला. "अठरा वर्षांचं पोर होतो मी. लग्न लावायचं तर तिला पुन्हा कागद दाखवावे लागणार, चौकशी होणार, सगळेच्या सगळे परत. बाबा म्हणाले, जा आणि त्याला कागद दाखव. मी दाखवला. माझं काय चुकलं?"

"आणि पोलीस?"

दादा चादरीचा काठ सरळ करायला लागले.

"पोलिसांकडे देईन म्हणालास. मी पलंगाखालची पेटी भरून मागच्या दारी उभी होते, मला सगळं ऐकू येत होतं. तो जाताना माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, खोटं कशाला बोललीस गं. बस." आत्यानं ॲप्रनला हात पुसले, ते कोरडेच होते. "त्रेचाळीस वर्षं त्या माणसाला वाटतंय की मी खोटारडी आणि तो पोरीबाळींच्या मागं लागणारा. आता तू ते चादरीएवढं मोठं करून दाखवणार."

डायरेक्टरणीच्या कानशिलावर कुणी मारावी तसं झालं. खरं म्हणजे कुणीतरी मारायलाच हवी होती. बाई कशी होते हे सांगायला निघालेली ती, आणि जिची गोष्ट तिला सोडून भावाची जबानी घेऊन आली. आत्याला आजोबांनी एकदा पोर केलं होतं; तिनं संगीत लावून पुन्हा केलं. आणि बाबा तीन दिवस रडले ते? ते रडणं खोटं नव्हतं, याचाच तिला जास्त राग आला. माणूस एखादी थाप इतकी वर्षं सांभाळतो, की शेवटी तिच्यावर त्याचं रडूसुद्धा खरं येतं.

"मग तू सांग," ती म्हणाली. "आत्ता. कॅमेरा गाडीत आहे. तो प्रसंग मी कापते, त्या जागी तू बोल. तुझं वय सांग आणि काय झालं ते सांग."

"बरोबर आहे," आई म्हणाली. "सांगू द्या त्यांना. बाईमाणसानं किती गिळायचं?"

"वहिनी, एक मिनिट." काकानं किल्ली खिशात घातली, म्हणजे तो कचेरीत गेला असं समजायचं. "खोट्या वयावर आत आलेला माणूस म्हणजे खोटा माणूस. त्याचे कागद कधीही रद्द होतात, पन्नास वर्षांनीसुद्धा. आणि ही ज्या कागदावर आली त्याच कागदावर दादा आला. दादाचे गेले की त्याच्या पोरीचे प्रश्न सुरू. मी असली प्रकरणं रोज फाईल करतो. पडद्यावर स्वतःच्या तोंडानं कबुली, चारशे साक्षीदार. वकिलाला करायला काही उरणारच नाही."

"माझ्या पोरीचे?" आई म्हणाली.

"सगळ्यांचे."

आईनं मुलीकडे पाहिलं, मग आत्याकडे पाहिलं, आणि तिची बाजू डोळ्यांदेखत बदलली. हे बघताना डायरेक्टरणीला आईची कीव आली आणि शिसारीही. "वन्सं," आई अगदी मऊ आवाजात म्हणाली, नवा शब्द नव्या बुटासारखा जपून वापरत, "झालं ते वाईटच झालं. पण आता उगाळून काय मिळणार तुम्हाला? पाच वर्षं काही परत येणार नाहीत."

"मला पाच वर्षं नकोतच," आत्या म्हणाली. "पाच वर्षांचं मी काय करू, इस्त्रीच करणार. मला त्याला कळायला हवंय की मी खोटं बोलले नव्हते. मरायच्या आधी. त्याच्या किंवा माझ्या." ती टोपलीवर बसली. "आण कॅमेरा."

डायरेक्टरणीनं कॅमेरा आणला. हात सवयीनं काम करत होते. आत्याच्या ॲप्रनला छोटा माईक लावला, दुसरा उघडा माईक इस्त्रीच्या टेबलावर ठेवला, शटर हातभर वर करून उजेड घेतला. आत्याच्या तोंडावर तो उजेड पडला तेव्हा तिला पहिल्यांदा दिसलं, की ही बाई बाबांहून थकलेली आहे. चार वर्षांनी थकलेली. रोज समोर असून दिसलं नव्हतं.

"सुरू झालंय. तुझं वय सांग, आत्या."

आत्यानं कॅमेऱ्याकडे पाहिलं नाही. ती भावाकडे बघत होती. काका दारात जाऊन उभा राहिला, जणू तो इथं नव्हताच. आई पदर तोंडाशी धरून बसली. दादा दोन पावलं पुढे आले. आता ते ओरडतील, कॅमेरा हिसकावतील असं डायरेक्टरणीला वाटलं. तिनं तो घट्ट धरला. पण त्यांचे खांदे खाली आले आणि आवाज निघाला तो एकसष्ट वर्षांच्या दुकानदाराचा नव्हताच.

"ताई," दादा म्हणाले. "ताई, नको ना गं."

आत्याचं तोंड थोडं उघडलं आणि तसंच राहिलं. अठ्ठेचाळीस वर्षं तिनं या हाकेची वाट पाहिली होती; टेबलाशी मागितलेल्या त्या पाण्यानंतर एकदाही ती तिला मिळाली नव्हती. मिळाली ती अशी, तोंड बंद ठेवायची लाच म्हणून. दादांना ते कळत होतं की नाही कोण जाणे. ते रडत होते, आणि हेही रडणं खोटं नव्हतं. कॅमेऱ्यातला आकडा पुढे सरकत होता. पंचवीस सेकंद, तीस, चाळीस.

"साठ," आत्या म्हणाली. "माझं वय साठ."

काकानं सुस्कारा सोडला. "झालं तर मग. कागदाला कुठं धक्का नाही." आई उठून चक्क पाणी आणायला गेली, आणि आणलं ते आधी आत्याला दिलं. दादांनी डोळे पुसले, मोठ्या इस्त्रीचं बटण लावलं आणि सगळं पूर्वीसारखं असल्यागत चादरीचे चिमटे काढायला लागले. उद्या सकाळी हॉटेलला माल द्यायचा होता. "धाकटे," ते पाठमोरे म्हणाले, "ही चादर पुन्हा फिरवून घे, घड्या मोडल्यात हिच्या."

डायरेक्टरणीनं कॅमेरा खाली ठेवला. तिला रडायचं होतं, पण त्याआधी एक लाजिरवाणी गोष्ट डोक्यात आली: चित्र फार चांगलं आलंय. ती आत्याच्या ॲप्रनचा माईक काढायला वाकली.

"व्हॅनचं सगळं कापते मी," ती हळू म्हणाली. "एक सेकंदसुद्धा ठेवत नाही. त्या जागी काय घालू, मला माहीत नाही."

"हे घाल. आत्ताचं." आत्या तितक्याच हळू बोलली. "याचा आवाज आलाय ना त्यात?"

"कुणाचा?"

"तुझ्या बापाचा."

डायरेक्टरणीनं हेडफोन कानाला लावून शेवटचं मिनिट ऐकलं. टेबलावरच्या माईकनं सगळं उचललं होतं, नाकाच्या सुरसुरीसकट. एकसष्ट वर्षांचा भाऊ साठ वर्षांच्या बहिणीला ताई म्हणून हाक मारतोय, आणि मग बहीण स्वतःच्या तोंडानं साठ म्हणतेय. तिनं मान वर केली. इस्त्री तापायला लागली होती. पलीकडे दादा काकाला गुरुवारी कुठला कोट घालायचा ते विचारत होते.

"आलाय. स्वच्छ आलाय."

"ठेव."

"आणि खालच्या पट्टीत 'ताई'चं भाषांतर काय लिहू? इथल्या लोकांसाठी?"

"बहीण लिही. खोटं आहे का?" आत्यानं चादर उचलून इस्त्रीवर पसरली आणि दांडा खाली ओढला. वाफ दोघींच्या मधून वर गेली. "साहेबाला तेव्हाही कळलं नव्हतं. आपल्या माणसाला कळतं." दांडा वर करून तिनं चादर पुढे सरकवली. "गुरुवारी त्याला पुढच्या रांगेत बसव. कानांनी कमी ऐकतो म्हणे आता."